गेममध्ये एक नवं पात्र घालायचं तर काम किती? एका खऱ्या हिशेबावरून पायरीपायरीने

२०१३ च्या सुरुवातीला लॅब झीरो गेम्स या छोट्या अमेरिकन स्टुडिओने 'स्कलगर्ल्स' या आपल्या फायटिंग गेमसाठी इंडिगोगोवर लोकवर्गणी मागितली. मागणी एका पात्रापुरती होती. पात्राचं नाव स्क्विग्ली, रक्कम दीड लाख डॉलर. गेम आदल्याच वर्षी बाजारात आलेला. इंजिन (गेम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) तयार, नियम तयार, आठ पात्रं तयार. मग नवव्याला एवढे पैसे कशाला, असं कोणीही विचारलं असतं. स्टुडिओने न विचारताच सगळा हिशेब मांडून ठेवला:

- आठ जणांचा दहा आठवड्यांचा पगार: ४८,००० डॉलर
- ॲनिमेशन आणि क्लीन-अपचं (कच्ची चित्रं स्वच्छ करण्याचं) बाहेरून करून घ्यायचं काम: ३०,०००
- आवाजाचं रेकॉर्डिंग: ४,०००
- हिटबॉक्स (वार कुठे लागतो ते ठरवणारे अदृश्य चौकोन) आखणं: २,०००
- आवाज गेममध्ये बसवणं: ५,०००
- टेस्टिंग: २०,०००
- सोनी आणि मायक्रोसॉफ्टची मंजुरी: १०,०००
- लोकवर्गणीच्या साइटची आणि पैसे वळते करण्याची फी: १०,५००
- वर्गणीदारांना द्यायच्या वस्तू बनवणं आणि पाठवणं: २०,५००

गेम बनवू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही यादी दोनदा वाचावी असं मला मनापासून वाटतं. पगाराचा आकडा माणशी आठवड्याला ६०० डॉलर पडतो, म्हणजे यात चैन कुठेच नाही. टेस्टिंग आणि मंजुरी मिळून ३०,००० होतात, बाहेरून करून घेतलेल्या ॲनिमेशनइतकेच. आणि आवाज रेकॉर्ड करायला ४,००० लागतात, तर तो गेममध्ये बसवायला ५,०००. खेळणाऱ्याला पात्राचं चित्र दिसतं आणि आवाज ऐकू येतो. खर्च मात्र ते पात्र आधीच्या गेमच्या प्रत्येक कोपऱ्यात बसवण्यात होतो. नवं पात्र गेमच्या शेजारी आणून उभं करता येत नाही, ते आधीच्या प्रत्येक पात्रात, प्रत्येक स्टेजमध्ये आणि प्रत्येक मेनूत शिरतं. हे ज्याला आधी कळतं त्याचा अंदाज बरोबर येतो.

हा लेख अशा छोट्या टीमसाठी आहे जिचा गेम चालू अवस्थेत आहे आणि जिला त्यात आणखी एक पात्र घालायचं आहे. दोघं मित्र गोडो हे इंजिन वापरून फायटिंग गेम करत असतील, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा युनिटी या इंजिनातला प्रोजेक्ट असेल, किंवा पुण्यात नुकताच उभा राहिलेला स्टुडिओ असेल, पायऱ्या त्याच. उदाहरणं मी मुख्यतः फायटिंग गेमची घेतली आहेत, कारण तिथे पात्राचं लपलेलं काम सगळ्यात उघडं पडतं.

पायरी १: पात्र कोणता नियम मोडतं ते आधी लिहा

पात्राची कल्पना बहुतेक वेळा दिसण्यातून सुचते: कपडे, शस्त्र, मागची गोष्ट. ते असू द्या, पण वहीच्या पहिल्या पानावर दोन वाक्यं वेगळी लिहा. पहिलं, हे पात्र असं काय करतं जे बाकी कोणी करत नाही. दुसरं, ते करताना गेमचा आजवरचा कोणता नियम मोडतो.

दुसरं वाक्य महाग असतं. 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट'मध्ये २०२० च्या ऑक्टोबरात 'माइनक्राफ्ट'चा स्टीव्ह आला. स्टीव्ह जमीन खणतो आणि ठोकळे रचतो. तोवर त्या गेममध्ये लढताना जमीन खणणारं कोणी नव्हतं. दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनी तेव्हा सांगितलं होतं की यासाठी गेममधल्या सगळ्याच्या सगळ्या स्टेजवर पुन्हा हात फिरवावा लागला. कोणती जमीन मातीची, कोणती लाकडाची, कुठे ठोकळा बसेल, हलत्या फळीवर रचला तर काय होईल, हे प्रत्येक ठिकाणी ठरवणं आलं. पात्र एक, काम शंभराहून अधिक स्टेजचं.

त्याच मालिकेत आइस क्लाइंबर्स ही जोडी आहे. एका बटणावर दोन शरीरं हलतात. २०१४ च्या आवृत्तीत ही जोडी नव्हती, कारण तीच पात्रं निन्टेंडो ३डीएस या छोट्या यंत्रावरही चालायला हवी होती आणि ते त्याला झेपत नव्हतं. ती परत आली २०१८ मध्ये. 'स्कलगर्ल्स'मधली मिस फॉर्च्यून स्वतःचं डोकं काढून जमिनीवर ठेवते आणि धड व डोकं दोन्हीकडून मारते. इथे कॅमेऱ्याने कोणाकडे बघायचं, डोक्याला मार लागला तर प्राण कोणाचे कमी होणार, डोकं पडद्याबाहेर राहिलं तर काय, असे प्रश्न उभे राहतात, आणि प्रत्येकाचं उत्तर कोडमध्ये लिहावं लागतं.

म्हणून पहिल्याच दिवशी एक कोष्टक करा. डाव्या रकान्यात गेमचे सगळे भाग: स्टेज, कॅमेरा, कॉम्प्युटर खेळाडू, नेटवर्क, मेनू, सेव्ह फाइल, रिप्ले, ट्युटोरियल, आणि आधीचं प्रत्येक पात्र. उजव्या रकान्यात नव्या पात्रामुळे तिथे काय बदलेल ते. रकाना रिकामा राहिला तर चांगलंच, पण तो विचार करून रिकामा सोडलेला असावा. पुढचं सगळं काम या कागदावरून चालेल.

एकट्याने खेळायच्या साहसी गेममध्ये हे कोष्टक आणखी लांबतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) आठवून बघा. तिथे एक नायिका आहे आणि उड्या, कडे, भिंती, खांब हे सगळं तिच्या हालचालींशी जुळवलेलं आहे. अशा गेममध्ये वेगळ्या उंचीचं, वेगळी उडी मारणारं दुसरं पात्र आणायचं ठरवलं तर प्रत्येक कडा पुन्हा मोजावी लागते. जग पात्राच्या मापाने बेतलेलं असतं.

पायरी २: चित्र काढण्याआधी पात्र खेळून बघा

ही पायरी टाळायचा मोह सगळ्यांनाच होतो. चित्रकार हात शिवशिवत बसलेला असतो आणि प्रोग्रॅमरला अजून काय करायचं ते पक्कं नसतं. तरीही थांबा. आधीच्या एखाद्या पात्राची नक्कल घ्या, रंग सपाट करडा करा, आणि नव्या पात्राच्या मूव्ह तिच्यावर बसवा. हात-पायांच्या जागी ठोकळे चालतील.

फायटिंग गेम सहसा सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. प्रत्येक वाराचे तीन तुकडे असतात. हात उगारण्याचा काळ म्हणजे स्टार्टअप, वार लागू शकतो तो काळ म्हणजे ॲक्टिव्ह, आणि हात परत जागेवर येण्याचा काळ म्हणजे रिकव्हरी. हलका ठोसा ५, ३ आणि ९ फ्रेमचा धरला तर एकूण १७ फ्रेम झाल्या, पाव सेकंदाहून थोडं जास्त. या तीन आकड्यांत पात्राचा स्वभाव असतो. स्टार्टअप दोन फ्रेमने वाढवलं की चपळ पात्र जड वाटू लागतं. रिकव्हरी कमी केली की सुरक्षित, आणि कधीकधी कंटाळवाणं होतं.

हे आकडे चित्रं तयार झाल्यावर बदलणं फार जड जातं. पाच फ्रेमच्या तयारीसाठी काढलेली दोन चित्रं बारा फ्रेमवर ताणली तर ती अडखळल्यासारखी दिसतात, मग नवी काढावी लागतात, ती स्वच्छ करावी लागतात, रंगवावी लागतात. ठोकळ्यांवर हाच बदल एका मिनिटाचा आहे. म्हणून माझा आग्रह असा: करड्या ठोकळ्यांचं पात्र घेऊन टीमबाहेरची माणसं आपणहून 'अजून एक मॅच' म्हणेपर्यंत चित्रकाराने फक्त कच्ची रेखाटनं करावीत.

या टप्प्यावर काय बघायचं? पात्राकडे लांबून आलेल्या गोळ्यांवर उत्तर आहे का. कोपऱ्यात अडकल्यावर बाहेर पडायला वाट आहे का. नवशिक्याला दोन बटणांत काही मजेचं करता येतं का. मुरलेल्या खेळाडूला दहा मिनिटांनंतरही शोधण्यासारखं उरतं का. या चारांतल्या एकाचंही उत्तर नकारार्थी असेल तर पुढे जाऊ नका.

पायरी ३: ॲनिमेशनची पूर्ण यादी

'किती ॲनिमेशन लागतील?' असं विचारलं की नवखी टीम हल्ले मोजते. सहा बटणं, उभं राहून, बसून आणि हवेत, म्हणजे अठरा, वर चार-पाच खास मूव्ह. झाली यादी. प्रत्यक्षात ही यादी अर्धीसुद्धा नसते.

पात्र मारतं तितकाच वेळ मार खातं. वरून बसलेला ठोसा, पोटात बसलेला, पायावर बसलेला, हलका, मध्यम, जोरदार. हवेत असताना लागलेला. उडून पाठीवर पडणं, तोंडावर पडणं, भिंतीवर आदळणं, जमिनीवर आपटून पुन्हा उसळणं, उठणं. अडवणं, तेही उभं, बसून आणि हवेत. वळणं: उभ्याने वळणं आणि बसून वळणं ही दोन वेगळी ॲनिमेशन आहेत. भोवळ येणं. वेळ संपल्यावर हरणं आणि प्राण संपून हरणं, हीसुद्धा वेगळी. याखेरीज प्रवेश, विजय, आणि नुसतं उभं राहून श्वास घेणं. श्वासाचं ॲनिमेशन खेळणारा सगळ्यात जास्त वेळ बघतो, त्याला कधी घाई करू नये.

आणि मग येतात पकडी. जुन्या प्रत्येक पात्राची उचलून आपटण्याची आपली तऱ्हा असते. नवं पात्र आलं की त्याला त्या प्रत्येकाच्या हातात उचललं जाता आलं पाहिजे. शिवाय नव्या पात्राची पकड जुन्या प्रत्येकावर चालली पाहिजे. म्हणजे काम दोन्ही दिशांना वाढतं आणि दर नव्या पात्रागणिक अधिक वाढत जातं. यावर जुना, पारखलेला उपाय असा की सगळ्या पात्रांसाठी 'पकडलेल्या' स्थितींचा एक ठरलेला संच करायचा: उताणा आडवा, पालथा आडवा, डोकं खाली, पाय खाली, मागे झुकलेला, असे दहा-बारा. प्रत्येक पकड याच स्थिती क्रमाने वापरते, पात्राला फक्त योग्य जागी फिरवते. संच पहिल्या पात्रापासून ठरवलेला असेल तर तुम्ही नशीबवान. नसेल तर नवं पात्र घालण्याआधी जुन्या पकडी या पद्धतीवर आणा, वेळ वसूल होतो.

हे सगळं शिकायला 'मुगेन' हे फुकटचं इंजिन उत्तम आहे. १९९९ पासून जगभरच्या हौशी मंडळींनी त्यात असंख्य पात्रं बनवली आहेत. एखादं पात्र उघडून त्याच्या फाइली बघा: चित्रांची वेगळी, ॲनिमेशनची वेगळी, हालचालींच्या नियमांची वेगळी, बटणांच्या आज्ञांची वेगळी, आवाजांची वेगळी. मार खाण्याच्या स्थितींना तिथे ५००० पासूनचे ठरलेले क्रमांक आहेत. ते भरले नाहीत तर तुमचं पात्र दुसऱ्याने मारल्यावर चुकीचं दिसतं किंवा दिसतच नाही. पात्र दुसऱ्याच्या गेममध्ये राहायला आलं की कोणकोणत्या गोष्टी त्याच्याकडे असाव्याच लागतात, याची ही तयार तपासयादी आहे.

जुन्या पात्रांचे खास परिणामही यादीत घ्या. 'स्ट्रीट फायटर २' मध्ये ब्लँकाच्या विजेचा झटका बसला की समोरच्याचा सांगाडा चमकतो. म्हणजे त्या गेममध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या पात्राला स्वतःचा सांगाडाही लागतो. तुमच्या गेममध्ये कोणी गोठवत असेल, जाळत असेल, लहान करत असेल, तर तेवढी चित्रं किंवा तेवढे शेडर (चित्राचा रंग-प्रकाश बदलणारे छोटे प्रोग्रॅम) वाढले.

शेवटचा मुद्दा डाव्या-उजव्याचा. द्विमितीय गेममध्ये पात्र उजवीकडे बघतानाचं चित्र काढतात आणि डावीकडे बघताना तेच उलटं करतात. काम निम्मं होतं, पण 'स्ट्रीट फायटर'मधल्या सगाटची डोळ्यावरची पट्टी बाजू बदलली की दुसऱ्या डोळ्यावर जाते. याउलट 'स्ट्रीट फायटर ३' (१९९७) मधला गिल अर्धा लाल, अर्धा निळा आहे आणि वळला तरी त्याचे रंग आपापल्या बाजूलाच राहतात. हे देखणं आहे, आणि यासाठी दोन्ही बाजूंचं काम वेगळं करावं लागतं. छोट्या टीमने असममित पोशाख टाळावा, किंवा पट्टी उलटी दिसली तरी चालेल असं आधीच एकमताने ठरवून टाकावं. अर्ध्या कामानंतर यावर वाद झाला तर तो महाग पडतो.

पायरी ४: जुन्यातलं काय वापरता येतं

पुनर्वापराची परंपरा मोठी आहे. १९८३ च्या 'मारिओ ब्रदर्स'मधला लुइजी म्हणजे रंग बदललेला मारिओ, कारण तेव्हा मेमरीच तेवढी होती. १९९२ च्या 'मॉर्टल कॉम्बॅट'मधले स्कॉर्पियन, सब-झीरो आणि लपलेला रेप्टाइल हे एकाच अभिनेत्याच्या चित्रणाला वेगवेगळे रंग देऊन उभे राहिले. 'स्कलगर्ल्स'मध्येही फुकुआ नावाचं पात्र २०१४ च्या एप्रिल फूलला गंमत म्हणून आलं. फिलिया आणि स्क्विग्ली यांच्यापासून उचललेलं हे पात्र नंतर खरोखरच गेममध्ये राहिलं.

पुनर्वापराने नेमकं किती वाचतं, यावर २०१४ मध्ये मोठा वाद झाला. 'ॲसॅसिन्स क्रीड युनिटी'च्या सहकारी खेळात स्त्री पात्र का नाही, यावर युबिसॉफ्टकडून उत्तर आलं की ॲनिमेशन, पोशाख आणि बाकी सगळं दुप्पट करावं लागलं असतं. त्याच मालिकेच्या तिसऱ्या भागावर काम केलेले ॲनिमेटर जोनाथन कूपर यांनी जाहीरपणे सांगितलं की हे एक-दोन दिवसांचं काम आहे, आठ हजार ॲनिमेशन बदलण्याचं नाही.

माझं मत कूपर यांच्या बाजूने झुकतं, एका अटीवर. सांगाडा (इथे ब्लँकासारखा चित्रातला नव्हे, तर हालचाली ज्यावर बसवतात तो पात्राच्या आतला हाडांचा ढाचा) सारखा असेल तर चालणं, पळणं, चढणं, मारणं हे सगळं नव्या शरीरावर उतरतं आणि मोजक्याच मुख्य हालचाली वेगळ्या कराव्या लागतात. हालचालींची सबब म्हणून ते उत्तर टिकत नाही. पोशाख, कापडाची हालचाल, आवाज, संवाद आणि कथेतली दृश्यं मात्र फुकटात येत नाहीत, आणि ती दोन दिवसांत मावत नाहीत. तुमच्या कोष्टकात हे दोन रकाने वेगळे ठेवा: सांगाड्यावर चालणारं आणि नव्याने करायचं. 'सगळं दुप्पट' आणि 'काहीच नाही', ही दोन्ही उत्तरं न मोजता दिलेली असतात.

एक फसवा पुनर्वापर आहे, त्याबद्दल सावध करतो. 'शत्रू तयारच आहे, तोच खेळायला देऊ.' १९९२ च्या 'स्ट्रीट फायटर २: चॅम्पियन एडिशन'ने चार बॉस (तोवर फक्त कॉम्प्युटर चालवायचा ते शेवटचे बलाढ्य शत्रू) खेळाडूंच्या हाती दिले आणि लोक खूश झाले. पण बॉस कॉम्प्युटर चालवतो तेव्हा त्याला बटणं लागत नाहीत, तो अवाजवी ताकदवान असला तरी चालतो, आणि तो कधी स्वतःशी लढत नाही. माणसाच्या हातात देताना प्रत्येक मूव्हला आज्ञा लागते आणि ताकदीचा नव्याने हिशेब लागतो. त्याच आवृत्तीत दोघांनाही एकच पात्र निवडता येऊ लागलं, म्हणून प्रत्येकाला दुसरे रंगही लागले.

पायरी ५: हिटबॉक्स

पात्राच्या चित्राला गेम हात लावत नाही. गेम अदृश्य चौकोन बघतो. मारणारा चौकोन म्हणजे हिटबॉक्स, मार घेणारा म्हणजे हर्टबॉक्स. हे प्रत्येक फ्रेमवर आखायचे असतात. हजारभर चित्रांचं पात्र असेल तर हजार वेळा. म्हणूनच वरच्या हिशेबात या कामाला स्वतंत्र ओळ आहे.

सुरुवातीला चौकोन चित्राच्या कडेकडेने आखावेसे वाटतात. तसं करू नका. केस, पदर, शेपटी, कोटाची टोकं यांना हर्टबॉक्स देऊ नये, नाहीतर वाऱ्याने उडालेल्या केसाला ठोसा लागतो आणि खेळणारा वैतागतो. उभं राहून श्वास घेताना हर्टबॉक्स स्थिर ठेवा. छाती वर-खाली होते म्हणून चौकोनही हलवला तर तोच वार कधी लागेल, कधी हुकेल. पुढे केलेल्या हाताला वार संपल्यावरही काही फ्रेम हर्टबॉक्स राहू द्या, म्हणजे हुकलेल्या ठोशाला समोरच्याकडून शिक्षा मिळू शकते.

पात्राचं आकारमान इथे त्रास देतं. फार बुटक्या पात्राच्या डोक्यावरून जुन्या पात्रांचे उभे ठोसे निघून जातात. 'स्कलगर्ल्स'च्या बिग बँडसारखं अवाढव्य पात्र आलं की इतरांवर न लागणारे कॉम्बो (एकामागोमाग जोडून बसणारे वार) त्याच्यावर लागतात, आणि ज्यांच्यावरून सहज उडी जायची तिथे हा मध्ये येतो. नवं पात्र बसलेलं ठेवून जुन्या प्रत्येक पात्राचा प्रत्येक वार त्याच्यावर मारून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण हे एका दुपारी उरकतं आणि पुढचे कितीतरी बग तिथेच सापडतात.

पायरी ६: आवाज

रेकॉर्डिंगच्या दिवसाआधी पूर्ण यादी हवी: तीन ताकदींचे हल्ल्याचे हुंकार, तीन ताकदींचे वेदनेचे, गळा दाबल्याचा, पडल्याचा, हरल्याचा, प्रत्येक खास मूव्हचं ओरडणं, विजयाची वाक्यं. प्रत्येक हुंकाराचे चार-पाच प्रकार घ्या, एकच आवाज पन्नास वेळा ऐकला की कान किटतात. ओरडण्याची वाक्यं सत्राच्या शेवटी ठेवा. सुरुवातीलाच घेतली तर कलाकाराचा गळा बसतो आणि उरलेली वाक्यं घोगरी येतात.

आता विसरल्या जाणाऱ्या दोन गोष्टी. निवेदक नव्या पात्राचं नाव कोणत्या आवाजात घेणार? जुना निवेदक पुन्हा बोलवावा लागेल. आणि जुनी पात्रं नव्याबद्दल काही बोलणार असतील तर त्या सगळ्या कलाकारांना पुन्हा माइकसमोर आणावं लागेल. 'ओव्हरवॉच'मध्ये पात्रं सामना सुरू होण्याआधी एकमेकांशी दोन शब्द बोलतात, ते ऐकायला फार जिवंत वाटतं. तिथे नव्या पात्राची ओळख करून द्यायची तर जुन्यांचेही संवाद लागतात. हे बजेटमध्ये नसेल तर जुन्या कलाकारांची पहिली सत्रं चालू असतानाच कोणालाही लागू पडतील अशी दहा-बारा वाक्यं जादा घेऊन ठेवा.

रेकॉर्ड झालेल्या फाइली कापणं, आवाजाची पातळी सारखी करणं, नावं देणं, नेमक्या फ्रेमला जोडणं, दोन आवाज एकत्र आले तर कोणता दाबायचा ते ठरवणं, हे बसवण्याचं काम. ५,००० डॉलरची ओळ याची.

पायरी ७: मेनूपासून नेटवर्कपर्यंत

कोष्टकातले उरलेले रकाने इथे भरतात. पात्र निवडायच्या पडद्यावर जागा आहे का? आठ चौकोनांची सुबक मांडणी नवव्याने बिघडते. मूव्हची यादी, सरावाचे धडे, कथा, पदकं, आणि गेम ज्या भाषांत आहे त्या प्रत्येक भाषेत हा सगळा मजकूर. जुनी सेव्ह फाइल उघडल्यावर नवं पात्र तिला सापडतं का? कॉम्प्युटर खेळाडूला हे पात्र चालवता यायला हवं आणि त्याच्याविरुद्ध लढताही यायला हवं. दुसरा भाग हमखास राहतो.

मेमरी मोजताना सगळ्यात जड प्रसंग धरा. 'स्कलगर्ल्स'मध्ये दोन्ही बाजूंना तीन-तीन पात्रं घेता येतात, म्हणजे सगळ्यात जड सहा पात्रं एकाच वेळी मेमरीत मावली पाहिजेत.

नेटवर्कवर जरा थांबू, कारण इथले बग शोधायला सगळ्यात कठीण. 'स्कलगर्ल्स'सारखे गेम रोलबॅक पद्धत वापरतात. समोरच्याचं बटण उशिरा पोचलं की गेम काही फ्रेम मागे जातो, ते बटण धरून त्या फ्रेम पुन्हा चालवतो आणि वर्तमानात येतो, सगळं एका फ्रेमच्या वेळात. यासाठी पात्राची संपूर्ण अवस्था जपून ठेवता आणि परत आणता आली पाहिजे. नव्या पात्राने बाँब पेरला असेल तर त्याचा उरलेला वेळ, पाळीव पक्षी सोडला असेल तर त्याची जागा आणि वेग, यादृच्छिक आकडा वापरला असेल तर त्याचं बीज (तो ज्या आकड्यातून निघतो तो). यातलं एक जरी जपायचं राहिलं तर दोन खेळाडूंच्या पडद्यांवर दोन वेगळे सामने दिसू लागतात. म्हणून पात्राची कोणतीही स्थिती ॲनिमेशन प्लेअरमध्ये किंवा इकडेतिकडे विखुरलेल्या टायमरमध्ये ठेवू नका, सगळी एका ठिकाणी ठेवा. तपासण्यासाठी एक बिल्ड (गेमची चालणारी प्रत) असा करा जो एकट्याने खेळतानाही दर फ्रेमला मागे जाऊन पुन्हा पुढे येतो आणि दोन्ही निकाल जुळतात का ते पाहतो. चूक लगेच पकडली जाते.

पात्र वेगळं विकणार असाल तर आणखी एक कोडं आहे. ज्याने विकत घेतलं नाही त्याच्यासमोर ते लढणार कसं? त्याच्याकडेही चित्रं आणि आवाज असायलाच हवेत. २०१२ मध्ये 'स्ट्रीट फायटर एक्स टेकन'च्या डिस्कवरच पुढे विकायची बारा पात्रं आधीपासून होती. लोक संतापले, आणि कॅपकॉमने सुसंगतीचं कारण दिलं. तांत्रिक गरज खरी असते, पण घेणाऱ्याला डिस्कवरच्या वस्तूचे दुसऱ्यांदा पैसे द्यावे लागल्यासारखं वाटतं, आणि त्याचंही चुकत नाही. बरा मार्ग म्हणजे पात्राचा डेटा सगळ्यांना मोफत अपडेटमधून द्यायचा, निवडण्याचा हक्क तेवढा विकायचा, आणि हे आधी जाहीर सांगायचं.

पायरी ८: टेस्टिंग

आठ पात्रांच्या गेममध्ये, स्वतःशी स्वतः धरून, ३६ जोड्या होतात. नववं आलं की ४५. वाढल्या ९. हे सोपं वाटतं. पण तीन वेगळ्या पात्रांची टीम करायची असेल तर आठांतून ५६ टीम निघतात आणि नवांतून ८४. एका पात्राने २८ नव्या टीम आणल्या, आणि त्या प्रत्येकीत मदतीला बोलवायच्या मूव्ह वेगवेगळ्या. 'स्मॅश अल्टिमेट'ची ८९ पात्रं घेतली तर जोड्या ४,००५ होतात. २०,००० डॉलरची ओळ इथून येते.

सगळं तपासणं अशक्य असतं, तेव्हा क्रम लावा. आधी गेम बंद पाडणारे बग. मग न संपणारे कॉम्बो: नव्या पात्राची मूव्ह जुन्या पात्राच्या मदतीला जोडून समोरच्याला सुटूच न देणारी साखळी होते का? मग जुन्यांवर झालेला परिणाम: नव्या पात्रासाठी केलेल्या कोडमुळे जुन्या कोणाची उडी किंवा अंतर बदललं का? यासाठी नवं पात्र घालण्याआधीच जुन्या सामन्यांचे इनपुट (कोणतं बटण कधी दाबलं ते) रेकॉर्ड करून ठेवा आणि रोज रात्री ते नव्या बिल्डवर चालवा. निकाल बदलला की कुठेतरी धक्का लागला आहे.

ताकदीचा तोल टीमने आपापसात ठरवू नये. मुरलेले खेळाडू बोलवा, त्यांना खेळू द्या आणि गप्प बसून बघा. 'हे फार भारी आहे' या वाक्यापेक्षा ते कोणती मूव्ह पुन्हा पुन्हा वापरतात ते टिपून ठेवा.

पायरी ९: मंजुरी आणि प्रकाशन

कन्सोलवर गेम असेल तर नव्या पात्राचं अपडेट यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडून तपासून घ्यावं लागतं. कंट्रोलर निघाला, नेट तुटलं, स्टोरेज भरलं, दुसरा वापरकर्ता आला, तर काय होतं, असं बरंच काही तिथे बघतात. नापास झालात तर दुरुस्त करून पुन्हा पाठवणं आलं. म्हणून पहिल्याच प्रयत्नात पास होऊ असं धरून तारीख जाहीर करू नका, आणि दोन कंपन्यांची मंजुरी एकाच दिवशी येईल असंही धरू नका.

पात्र आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत 'हे फार ताकदवान आहे' अशा तक्रारींचा पूर येईल. गेम बंद पाडणारे आणि न संपणाऱ्या साखळीचे बग लगेच दुरुस्त करा. ताकदीला काही आठवडे हात लावू नका. लोकांना उत्तरं शोधायला तेवढा वेळ लागतो, आणि पुष्कळदा ती सापडतात.

वेळेचा अंदाज कसा बांधायचा

स्क्विग्लीच्या हिशेबातून लोकवर्गणीची फी आणि भेटवस्तू वगळल्या तर १,१९,००० डॉलर उरतात. त्यातले ३०,००० टेस्टिंग आणि मंजुरीचे, म्हणजे चौथ्या भागाहून थोडे जास्त. तुमच्याकडे पगार नसतील, मंजुरीही नसेल, तरी वेळेला हेच प्रमाण लावून बघा. ठोकळ्यांचं पात्र खेळायला मजा येऊ लागली त्या दिवसापासून मोजा. चित्रकाराने 'माझे सहा आठवडे' म्हटलं तर कॅलेंडरवर बारा धरा. टेस्टिंगचे आठवडे वेगळ्या रंगाने रंगवा, म्हणजे उशीर झाला की त्यांनाच कात्री लागणार नाही.

'स्कलगर्ल्स'च्या मोहिमेत शेवटी आठ लाखांहून अधिक डॉलर जमले आणि एकाची पाच पात्रं झाली. स्क्विग्ली त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आली, शेवटची रोबो-फॉर्च्यून २०१५ मध्ये. तुम्हालाही दुसरं, तिसरं पात्र करायचं असेल तर पहिल्या दिवशी केलेलं कोष्टक जपून ठेवा, आणि काम करताना त्यात नसलेली जी जी गोष्ट आडवी आली तिची ओळ त्याच दिवशी त्यात भरा.